हरभऱ्याची आंब

काल शालूनं हरभऱ्याची भाजी धुतली. नळाखाली धरून, पान न् पान चोळून, शाळेत शिकवलेल्या आरोग्याच्या नियमांप्रमाणे धुतली आणि मोठ्या कौतुकानं माझ्यापुढे ठेवली. त्यावर मी तिला जे बोलले, ते एवढ्याशा भाजीपायी कुणी आई मुलीला बोलत नसेल. "अगं, हिची सगळी चव पानावरच्या आंबेत असते. तीच धुऊन काढलीस, आता राहिलं काय? गवत." पंधरा वर्षांची पोर, नाताळच्या सुट्टीत आपण होऊन आईच्या मदतीला आलेली. तिचे डोळे भरून आले. मग मीच खाली बसले, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि भाजीला लसणीची फोडणी घातली. जेवताना हे म्हणाले, "बरी झालीय की." बरी झाली होती, नाही असं नाही. पण आंबट नव्हती.

आमच्या लोणावळ्यात या दिवसांत मुंबईचे लोक हवा खायला येतात. वर्षभर कुलपात असलेले बंगले उघडतात, गाद्यांना ऊन दाखवलं जातं, आणि गळ्याभोवती मफलर गुंडाळलेली मंडळी सकाळी फिरायला म्हणून निघतात ती गुडदाणीच्या दुकानापाशी येऊन थांबतात. मला त्यांचं हसू येतं आणि थोडी दयाही येते. हवा खायला यायचं आणि नाकातोंडावर लोकरीचं फडकं घेऊन हिंडायचं, हा कुठला न्याय? थंडी ही नुसती डोळ्यांनी बघायची गोष्ट नाहीच. डोंगर काय, उन्हाळ्यातही तिथंच असतो. थंडी कळते ती नाकाला आणि तळपायांना. पहाटे कुठंतरी गोवरी पेटते आणि तिचा धूर वर न जाता जमिनीलगत रेंगाळत राहतो. विहिरीच्या काठाला ओल्या दगडाचा वास सुटतो. पेंढ्याच्या गंजीत कोपरापर्यंत हात खुपसला तर आत कालच्या उन्हाची ऊब अजून असते. मी हे बोलून दाखवलं की घरातले हसतात. "तुझ्या आईचं नाक पोलिसखात्यात द्यायला हवं होतं," असं हे शालूला सांगतात. द्यायला हवं होतं खरं. पण ते नाक मी जन्माला येताना आणलं नव्हतं. ते मला माझ्या सोनामावशीनं दिलं, कुसगावात, एका नाताळच्या सुट्टीत.

पहिली मोठी लढाई संपून वर्ष उलटलं होतं. आम्ही कल्याणला रेल्वेच्या चाळीत राहत होतो. वडील इंजिनाच्या शेडमध्ये कामाला, त्यामुळे आमच्या घरात बाराही महिने एकच वास, तेलाचा आणि कोळशाचा. मला त्या वर्षी सारखा ताप येत होता, म्हणून आईनं ठरवलं, पोरीला सुट्टीभर सोनाकडे ठेवू. वडिलांनी पास काढला आणि मला घेऊन निघाले. तेव्हा घाट चढताना गाडी मध्येच एका ठिकाणी थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट्या तोंडानं वर चढू लागे. आपण परत घरी चाललो की काय, म्हणून मला रडू फुटलं होतं. वडील हसले. "अगं, वर जायचं तर एकदा मागं फिरावं लागतं इथं," ते म्हणाले. आता तो खोळंबा राहिला नाही, धूरही राहिला नाही. विजेची गाडी घाट चढून येते आणि तिला कसलाच वास येत नाही.

लोणावळ्याच्या स्टेशनावर मावशी उभी होती. हिरवं लुगडं, कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू, हातात माझ्यासाठी घोंगडी. वडिलांनी तिला माझ्या तापाचं सांगितलं, तिनं नुसती मान हलवली आणि घोंगडी माझ्या डोक्यावरून घातली. त्या घोंगडीला धुराचा, मेंढराचा आणि भाताच्या कोंड्याचा वास होता. आत अंधार होता, गरम होतं, आणि बाहेर मावशीच्या जोडव्यांचा आवाज. तशी मी कुसगावला पोचले.

मावशीचं घर म्हणजे शेणानं सारवलेल्या दोन खोल्या आणि पुढं पडवी. घरात दोघीच, मावशी आणि तिची सासू. सासूला सगळं गाव बया म्हणे, मीही बयाच म्हणू लागले. मावशीचा नवरा, खंडूकाका, पलटणीत भरती होऊन बसऱ्याला गेला होता. तिकडून गावच्या पाटलाकडे सरकारी निरोप आला, तो एवढाच, की माणूस सापडत नाही. मेला असं नाही, जिवंत आहे असंही नाही. लढाई संपली, मावळातली कितीतरी माणसं परत आली, कुणी लंगडत, कुणी विलायती कोट घालून. खंडूकाका आला नाही. मावशीनं कुंकू पुसलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवावं की बोलवू नये, हे गावातल्या बायकांना ठरवता येत नसे, आणि मावशीही त्यांना कोड्यात टाकायला नको म्हणून त्या दिवशी आपण होऊन रानात निघून जाई.

बयाचं मात्र मला नवल वाटे. ती मुलाचं नावसुद्धा काढत नसे. कोरडी, चटपटीत म्हातारी. सकाळपासून झाडणं, सारवणं, धुणं. तपकिरीची चिमूट चढवून चढवून तिच्या नाकाचं नाकपण गेलेलं. दूध करपलं तरी तिला कळत नसे, मावशीला ओरडून सांगावं लागे. ही बाई पोटच्या पोराला विसरली, असं मी माझ्या बालबुद्धीनं ठरवून टाकलं होतं.

भात केव्हाच घरात आलं होतं. खाचरांत त्याचे कापलेले बुडखे तेवढे उभे होते, आणि अनवाणी चालताना ते दवानं मऊ झालेले असत, तरी टोचत. त्याच ओलीवर पुढच्या खाचरात हरभरा, मसूर, बांधाला पावटा. इंद्रायणी इथं ओढ्याएवढीच. सकाळी तिच्यावर वाफ धरलेली असे आणि पलीकडून होल्याचं घुमणं ऐकू येई, होला मात्र दिसत नसे. मी आणि मावशी सूर्य लोहगडाच्या अंगाला वर येण्याआधी रानात जायचो. तिथं तिनं मला खेळ शिकवला.

"डोळं मीट. सांग, कशाचा वास?"

"शेणाचा."

"शेण तर आंधळ्याला बी कळतंय. कुनाचं? आपल्या गाईचं का शेजारच्या म्हशीचं?"

मी चुकायची, ती हसायची. आठ दिवसांत मला गाय आणि म्हैस कळू लागली. तासून ठेवलेल्या बाभळीचा वास आणि सुकल्या जांभळीचा वास कळू लागला. आंबेमोहोर तांदळाची पेज तीन घरं पलीकडे शिजत असली तरी मी सांगायची. मावशी माझ्या हातावर ओल्या मातीचं ढेकूळ ठेवी आणि विचारी, हे वरच्या खाचरातलं का खालच्या? कानानं ओळख, सागाच्या पानावरून दव पडतंय का आंब्याच्या? जिभेनं ओळख, ही मसुरीची शेंग का वाटाण्याची? ताप कुठं पळाला ते मला कळलंही नाही. आगाप, लवकर पेरलेल्या तुकड्यात हरभऱ्याचे घाटे भरले होते. संध्याकाळी त्यांचे डहाळे जाळावर धरायचे, राख झटकायची, गरम हुळा या हातावरून त्या हातावर खेळवत खायचा. ओठ काळे, बोटं काळी, आणि त्या काळ्या ओठांनी मावशी ओव्या म्हणायची. इतकी सुंदर दिसायची ती.

एका दुपारी बया धुणं घेऊन नदीवर गेली होती. मावशीनं दाराला कडी घातली. माजघराच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड होती, मोठ्यावर लहान, लहानावर त्याहून लहान. तिनं एकेक मडकं उतरवून खाली ठेवलं. तळाच्या मडक्याचं तोंड फडक्यानं घट्ट बांधलेलं होतं.

"मीट डोळं," ती म्हणाली.

माझ्या नाकाशी काहीतरी मऊ आलं.

"तंबाखू," मी म्हणाले. "बैलाच्या अंगाचा. आणि..."

"आन्?"

"माणसाचा."

"व्हय," मावशी म्हणाली. "तुझ्या काकाचा हाय."

मी डोळे उघडले. जुनं पांढरं धोतर होतं, पिवळट पडलेलं, एका जागी ठिगळ लावलेलं. ज्या सकाळी खंडूकाका पलटणीत गेला, त्या सकाळी त्यानं हे सोडलं आणि दुसरं नेसून गेला. मावशीनं ते धुतलं नाही. घडी घालून मडक्यात ठेवलं.

"उन्हाळ्यात तोंड सोडलं का वास उडून जातो," ती सांगू लागली, अगदी बियाण्याबद्दल सांगावं तसं. "पावसाळ्यात बुरशी शिरती. थंडीत दुपारची हवा कोरडी आसती, तवाच काडायचं. ते बी वरसातनं एकदाच. हुंगल्यानं बी सरतो गं त्यो. आदी लय हुता. आता मला लय खोल जावं लागतं."

तिनं स्वतः वास घेतला नाही. त्या वर्षीची पाळी तिनं मला दिली होती, हे मला फार उशिरा उमगलं. तिनं पुन्हा फडकं बांधलं, गाठ ओढली.

"एवडाच हाय माझ्यापाशी. बयाला बोलू नगंस. तिला मळकं कापड दिसलं का तिचं हात सळसळत्यात. धुऊन टाकंल."

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, एका वासात? मला तसं म्हणणाऱ्यांचा राग येत नाही, त्यांचं माणूस घरी असतं. चेहऱ्याचा फोटो काढता येतो. फोटो नसला तरी मुलाच्या नाकडोळ्यांत बाप शोधता येतो. मावशीला मूलही नव्हतं आणि फोटोही नव्हता. आवाज तर ती म्हणे, दुसऱ्याच वर्षी विसरले. नवऱ्याचं या जगात असणं तिच्यापाशी कशानं उरलं असेल, तर त्या मडक्यातल्या वासानं. तो होता तोवर कुंकू खोटं नव्हतं. आता ही दुसरी लढाईही संपली. परवाच आमच्या गल्लीतल्या एका मुलाची वाट बघणं त्याच्या बायकोनं सोडलं, असं ऐकलं. मी तिच्या घरी गेले, बसले. तिच्या पडवीत दोरीवर पुरुषाचे कपडे स्वच्छ धुऊन वाळत घातले होते. मी लवकर उठून आले.

मावशीही गेली, बया तर तिच्या कितीतरी आधी. खंडूकाकाची खबर पुढेही कधी आली नाही. कुसगावच्या त्या खाचरात आता एका मुंबईवाल्याचा बंगला आहे. मी कधी तिकडून गेले तर थांबत नाही. त्या घरातली एक सकाळ मात्र माझ्यापाशी राहिलेली आहे, आणि थंडी आली की ती सांगितल्यावाचून मला बरं वाटत नाही.

सुट्टी संपत आली होती. मी एका दिवशी बोरं खाल्ली, त्यावर हुळा, त्यावर भाजलेला पावटा, आणि दुपारपासून पोट धरून आतल्या खोलीत लोळत होते. मावशी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन लोणावळ्याला बंगल्यांवर विकायला गेलेली. बयानं माझं पोट चाचपलं, ओवा चारला, गुण आला नाही. "आंब धरते," ती म्हणाली. "सकाळच्याला बरी व्हशील."

हरभऱ्याच्या पानांवर जे आंबट असतं ते दवात उतरतं. संध्याकाळी रोपांवर पांढरं कापड अंथरायचं, रात्रभर त्यानं दव प्यायचं, पहाटे ते पिळून घ्यायचं. तीच आंब. पोटदुखीवर तेव्हा घरोघर तिची बाटली असे. त्या वर्षीची बयानं अजून धरली नव्हती. आणि कापड पांढरंच लागतं, जुनं, मऊ. लुगड्याचं चालत नाही, रंग उतरतो. आता ज्या घरात पुरुष नाही, त्या घरात पांढरं कापड कुठून येणार? मी आत भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाहेर बया गाठोडी सोडतेय, पुटपुटतेय, मडकी हलवतेय, एवढं मला ऐकू येत होतं. मग चुलीवर पाण्याला आधण आल्याचा आवाज आला. पोराच्या पोटात जायचं म्हणून तिनं कापड राखेच्या पाण्यात उकळलं, दगडावर आपटलं, तीन पाण्यांतून काढलं आणि कडूसं पडून अंधारायच्या आत हरभऱ्यावर नेऊन पसरलं. मावशी दमून आली तेव्हा बया एवढंच म्हणाली, "पोरीसाटी आंब धरलीया. पहाटं पिळाया चल." कापडाचं मावशीच्या मनातही आलं नाही.

पहाटे आम्ही तिघी निघालो. पोट दुखतच होतं, पण तसली पहाट मी पुन्हा बघितली नाही. धुकं इतकं खाली उतरलेलं, की मला बयाचे पाय दिसत होते आणि डोकं दिसत नव्हतं. पायाखालचं गवत बर्फासारखं. कुठंतरी घाटात इंजिन धापा टाकत होतं. हरभऱ्याच्या तुकड्याजवळ आलो तशी हवाच आंबट झाली, नाकात नाही, आधी दातांत कळली. मी तोंड उघडं ठेवून चालले. हिरव्या रोपांवर ते कापड जड होऊन बसलेलं होतं.

बयानं एक टोक धरलं, मावशीनं दुसरं, खाली गाडगं ठेवलं. बयानं एका अंगाला पीळ दिला, मावशीनं दुसऱ्या. धार पडू लागली. पिळता पिळता मावशीचे हात थांबले. तिच्या अंगठ्याखाली ठिगळ आलं होतं. तिनं ते चाचपलं, एकदा, पुन्हा एकदा. मी तिच्याकडे पाहिलं आणि मलाही कळलं.

"वड की गं," बया म्हणाली. "आजून लय हाय त्यात."

मावशीनं पीळ दिला. आधीपेक्षा घट्ट दिला. गाडग्यात माझं औषध पडत होतं, ते वाया जाऊ नये म्हणून तिनं कापड शेवटच्या थेंबापर्यंत पिळलं. मग कापड उलगडून चेहऱ्याशी नेलं आणि डोळे मिटून वास घेतला, खोल, खूप खोल. मी मनात देवाचा धावा करत होते, की थोडा तरी राहिलेला असू दे. तिनं कापड खाली घेतलं तेव्हा तिच्या गालांना, कपाळाला, कुंकवाला आंब लागली होती.

"काय झालं?" बयानं विचारलं.

"आत्याबाई, हे त्यांचं हुतं. गेले त्या दिशी सोडल्यालं. मी धुतलं नव्हतं."

"मला वाटलं, माझ्या म्हाताऱ्याचं एखांदं राहिलं आसंल," बया म्हणाली. "धुतलं का न्हाईस?"

"वास हुता त्यात."

बया आपल्या हातांकडे बघत राहिली. राखेच्या पाण्यानं ते फुटले होते.

"मला सांगायचं हुतंस."

"तुमी धुऊन टाकाल आसं वाटलं," मावशी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. "आन् तुमाला वास बी येत न्हाई."

बया बांधावर बसली. मग म्हणाली, "वास न्हाई येत तर न्हाई. मांडीवर घिऊन बसले आसते की गं. एवडी वरसं घरात हुता, आन् मला ठावं न्हाई."

ज्या बाईला मी कोरडी समजत होते, तिचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मावशी उभी होती तशीच उभी राहिली. मग तिनं त्या ओल्या कापडाची घडी घातली, चारी कोपरे जुळवून, नीट, आणि वाकून ती सासूच्या मांडीवर ठेवली. "लुगडं भिजंल तुमचं," ती म्हणाली. बयानं ऐकलं नाही. तिनं ती घडी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. आंबट पाणी तिच्या लुगड्यातून खाली बांधावर ठिबकत होतं, आणि ती अगदी हळू, मूल निजवताना हलवतात तशी, मांडी हलवत होती.